फुलासमोर तरंगणारा ‘छोटा हमिंगबर्ड’: हा पतंग कोणता, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उन्हं कलली की बागेतल्या फुलांच्या ताटव्यावर एक जीव येतो. अंगठ्याएवढा, राखाडी-तपकिरी. फुलासमोर हवेत एका जागी थांबतो, लांबलचक चोच फुलात घालतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शेजारच्या फुलावर गेलेला असतो. पंख दिसतच नाहीत, दोन्ही बाजूंना नुसती धूसर झाक. वळताना मागच्या बाजूला पिवळट-केशरी काहीतरी चमकतं आणि शेपटी पंख्यासारखी उघडते. सोबत दोन फोटो, दोन्ही हललेले. हा हमिंगबर्ड आहे का, पतंग असेल तर दिवसाढवळ्या कसा काय, चावतो का आणि याच्या अळ्या झाडं फस्त करतील का, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. हा पक्षी नाही. तुमचा दुसरा फोटो हललेला असला तरी त्यात डोक्यावरून पुढे आलेल्या दोन मिशा दिसतात, बुडाशी बारीक आणि टोकाकडे जाडसर. पक्ष्याला मिशा नसतात, त्यामुळे वाद तिथेच मिटतो. हा हॉक मॉथ, म्हणजे स्फिंजिडी कुळातला पतंग. कुळाबद्दल मला शंका नाही. वंश बहुधा मॅक्रोग्लॉसम. जात मात्र या फोटोंवरून मी सांगणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितली तर त्याला ‘कशावरून?’ असं जरूर विचारा.

हमिंगबर्ड हे नाव मनात आलं याचं वाईट वाटून घेऊ नका. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात कीटक आणि पक्षी गोळा करत होता. त्यानेही हमिंगबर्ड समजून अनेकदा हॉक मॉथवरच बंदूक झाडल्याचं लिहून ठेवलं आहे. उडताना दोघांतला फरक ओळखू यायला त्याला बरेच दिवस लागले. तिथले लोक तर एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं असंच मानत, आणि त्यात शिकलेसवरलेलेही होते. बेट्ससारख्या कसलेल्या माणसाची ही गत, तर बागेत सहज डोकावणाऱ्याचा गोंधळ होणारच.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. ओळख पटवताना माझा पहिला प्रश्न तोच असतो, कारण हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत आढळतात. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, पण अटलांटिकच्या किंवा पॅसिफिकच्या अलीकडे एकही नाही. (पूर्वी होते. जर्मनीत सापडलेला सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा एक जीवाश्म आधुनिक हमिंगबर्डशी इतका मिळताजुळता निघाला की २००४ मध्ये त्याचं नाव ठेवताना ‘अनपेक्षित’ या अर्थाचं विशेषण जोडावं लागलं. पण ते आता खडकातच.) म्हणजे आशिया, युरोप, आफ्रिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या बागेत फुलासमोर तरंगणारा अंगठ्याएवढा जीव हमिंगबर्ड असूच शकत नाही. आशिया-आफ्रिकेत घोळ होतो तो शिंजिराशी, म्हणजे सूर्यपक्ष्याशी. शिंजीरही क्षणभर हवेत थांबून मध पितो, पण बहुतेक वेळा तो फांदीवर किंवा फुलाच्या देठावर बसूनच चोच घालतो. शिवाय तो चोचीसकट आठ-दहा सेंटीमीटरचा, तुमच्या पाहुण्याच्या दुपटीहून मोठा.

अमेरिकेत असाल तर मात्र दोघंही एकाच ताटव्यावर येऊ शकतात आणि नीट बघावं लागतं. अशा वेळी आकारावर विसंबू नका, हवेतल्या वस्तूच्या आकाराचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. बघायचं ते ‘चोचीकडे’. हमिंगबर्डची चोच ताठ असते, फुलातून बाहेर काढल्यावरही तशीच सरळ राहते. पतंगाची ती चोच नसतेच, सोंड असते. फुलातून निघाली की ती वाकते, आणि लांबचा पल्ला गाठायचा असेल तर डोक्याखाली गुंडाळली जाते. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना ती अर्धवट उलगडलेली लोंबताना दिसते. हे एकदा लक्षात आलं की पाच पावलांवरूनही ओळख पटते. दुसरी खूण वेळेची. अंधार पडल्यावर फुलासमोर अंगठ्याएवढं जे तरंगतं ते पतंगच. हमिंगबर्ड रात्री बसून राहतात, अनेकदा शरीराचं तापमान उतरवून निपचित.

मिशांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्या नुसती ओळखीची खूण नाहीत. माशीकडे मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक मुद्गरासारखे अवयव असतात, उडताना शरीर किती कललं ते तिला त्यांतून कळतं. पतंगाकडे ते नाहीत, त्याला चारही पंख आहेत. मग संधिप्रकाशात, वाऱ्याने डोलणाऱ्या फुलासमोर तो स्थिर कसा राहतो? संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तंबाखूवरच्या हॉक मॉथच्या मिशांचा लांब भाग कापला, तर पतंगांचा तोल जाऊ लागला, ते आपटू लागले, उलटसुलट उडू लागले. तोच भाग परत चिकटवल्यावर उड्डाण बऱ्याच अंशी सुधारलं. चिकटवलेल्या तुकड्याला मज्जातंतू जोडलेले नव्हते, म्हणजे त्याला वास येत नव्हता, स्पर्श कळत नव्हता. काम करत होता तो फक्त त्याचा भार, आणि त्या भाराची हालचाल टिपणारा मिशीच्या बुडाशी असलेला अवयव. फोटोत त्या मिशा दिसल्या की मी आधी त्यांच्याकडे बघतो ते यामुळेही.

पक्ष्याचं आणि पतंगाचं तरंगणं दिसायला एक असलं तरी आतून सारखं नाही. हमिंगबर्डचं वजन पेलणाऱ्या जोरापैकी साधारण तीन चतुर्थांश पंख खाली येताना मिळतो आणि उरलेला वर जाताना, असं २००५ मध्ये मोजलं गेलं. कीटकांमध्ये ही वाटणी बरोबरीच्या जवळ असते. दोन पूर्ण वेगळ्या घराण्यांनी खोल नळीच्या फुलातला मध गाठायला एकच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, एवढाच या साम्याचा अर्थ. त्यामुळे ‘हमिंगबर्डसारखा दिसतो’ हे वर्णन जात ओळखायला काडीचंही उपयोगी नाही. जगात हॉक मॉथच्या सुमारे दीड हजार जाती आहेत, आणि त्यांतल्या फुलांवर येणाऱ्या बहुतेक सगळ्या असंच तरंगतात. वेगळेपण शोधायचं ते पंखांवर, पोटाच्या कडेला आणि झाडाच्या पानावर.

म्हणून पुढच्या वेळी तो आला की पहिला प्रश्न हा: पंखांतून पलीकडचं दिसतं का?

दिसत असेल, म्हणजे पंख काचेसारखे पारदर्शक आणि कडेला फक्त गडद किनार असेल, तर तो मॅक्रोग्लॉसम नाही. आशियात बागेत आढळणारा असा पतंग म्हणजे बहुतेक वेळा सेफोनोडीस हायलस. पाठ पोपटी-पिवळसर हिरवी, पोटावर मध्ये तांबूस पट्टा, शेवटी काळा झुबका. भारत, श्रीलंकेपासून आग्नेय आशिया आणि जपानपर्यंत तो आहे. ऑस्ट्रेलियात त्याचा भाऊबंद सेफोनोडीस किंगाय. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात ही जागा हेमारिस वंशाने घेतली आहे. अमेरिकेतला हेमारिस थिस्बी पाठीवर शेवाळी, पोटावर आणि पंखांच्या काठाला वाइनसारखा लाल, पाय फिकट. हेमारिस डिफिनिस पिवळा-काळा, भुंग्यासारखा, पाय काळे, डोळ्यातून छातीच्या कडेने काळी रेघ गेलेली. या पारदर्शक पंखांची एक गंमत आहे. कोषातून बाहेर आलेल्या ताज्या पतंगाच्या पंखांवर खवले असतात, पण इतके सैल की पहिल्याच उड्डाणात झडून जातात. त्यामुळे कोषातून नुकताच निघालेला आणि अजून न उडलेला सेफोनोडीस हातात आला तर पंख धुरकट दिसतात आणि वर्णनाशी जुळत नाहीत.

पंख अपारदर्शक असतील, जसे तुमच्या फोटोत वाटतात, तर मागच्या पंखांचा रंग बघायचा. इथेच बहुतेक फोटो दगा देतात. पुढचे पंख मोठे आणि झाडाच्या सालीसारखे करडे, मागचे छोटे आणि रंगीत. पतंग बसला की पुढचे पंख मागच्यांना पूर्ण झाकतात, म्हणजे बसलेल्या पतंगाचा कितीही सुरेख फोटो काढा, जो रंग हवा तोच त्यात नसतो. उडताना रंग दिसतो, पण तेव्हा फोटो हलतो.

मागचे पंख जवळजवळ पूर्ण केशरी, कडेला तपकिरी छटा, पुढच्या पंखांवर दोन नागमोडी काळसर रेघा, पोटाच्या कडांना काळे-पांढरे चौकडे आणि शेवटी काळा केसाळ झुबका असं सगळं दिसलं तर तो मॅक्रोग्लॉसम स्टेलाटारम, ज्याला जगभर हमिंगबर्ड हॉक मॉथ म्हणतात. लिनियसने १७५८ मध्येच त्याला नाव दिलं. पंखांचा विस्तार चार ते पाच सेंटीमीटर, सोंड अडीच सेंटीमीटरच्या पुढे, म्हणजे जवळपास शरीराएवढी. दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिका आणि मध्य आशियापासून जपानपर्यंतचा पट्टा त्याचा. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे दूरवर जातो. भारतात तो हिमालयात आणि उत्तरेकडे आढळतो.

मागचे पंख काळपट-तपकिरी आणि मध्ये पिवळा पट्टा, पोटाच्या कडांना पिवळे किंवा केशरी डाग असतील, तर तो मॅक्रोग्लॉसमच, पण दुसरा कोणीतरी. या वंशात शंभराहून जास्त जाती आहेत, आणि बहुसंख्य आशिया-ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात. दक्षिण आशियात राहत असाल तर तुम्हाला दिसलेला ‘पिवळट-केशरी’ रंग याच पट्ट्याचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि पोटावरचे डाग त्यात भर घालत असतील. मॅक्रोग्लॉसम बेलिस, गायरन्स, कोरिथस ही नावं तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळतील. यांच्यातले फरक म्हणजे पट्ट्याची रुंदी, पुढच्या पंखावरच्या रेघांचा कल, पोटाखालचा रंग. झिजलेल्या पंखांवर तेही पुसट होतात. कित्येक जातींचा शेवटचा निकाल नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून किंवा डीएनए बघूनच लागतो.

म्हणूनच हललेल्या फोटोवर मी ‘मॅक्रोग्लॉसम, जात अनिश्चित’ एवढंच लिहितो. अनेकांना हे उत्तर अपुरं वाटतं. फोनवरचं ॲप पटकन पूर्ण नाव सुचवतं, लोक त्यावर बोट ठेवतात आणि नोंद कायमची चुकीची होऊन बसते. मागचा पंख न दिसणाऱ्या फोटोला जातीचं नाव दिलेलं असेल तर मी ते धरत नाही, मग ते यंत्राने दिलेलं असो की माणसाने. वंशापर्यंतची खात्रीची नोंद जातीच्या अंदाजापेक्षा केव्हाही जास्त कामाची.

अमेरिका खंडांच्या मुख्य भूमीवर असाल तर मॅक्रोग्लॉसमचा विचार सोडून द्या, तिथे अपारदर्शक पंखांचे दुसरे उमेदवार आहेत. पोटावर आडवा ठळक पांढरा पट्टा असलेला गडद तपकिरी पतंग म्हणजे एलोपोस वंश, बेट्सला चकवणारा याच गटातला. पुढच्या पंखांवर पांढऱ्या शिरा उमटलेल्या, मागच्या पंखांवर गुलाबी पट्टा आणि विस्तार सहा ते नऊ सेंटीमीटर असेल तर हायलिस लिनिएटा. तो संध्याकाळी येतो आणि कधीकधी भर दिवसाही.

भुंग्यासारखे दिसणारेही काही असतात. आशियात सॅटॅस्पिस वंशाचे हॉक मॉथ लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यांची इतकी हुबेहूब नक्कल करतात की मिशा आणि सोंड बघितल्याशिवाय उलगडा होत नाही. उलट बाजूने, लांब सोंडेची एक केसाळ माशीही फुलासमोर तरंगते. ती नखाएवढी, सोंड ताठ आणि न गुंडाळता येणारी, मिशा अगदी आखूड. तिला पतंगाचं पिल्लू समजणारे भेटतात. पतंगाचं पिल्लू म्हणजे अळी. कोषातून बाहेर आलेला पतंग पुढे वाढत नाही.

आता फोटोबद्दल. पतंगाच्या मागे फोन घेऊन धावू नका. तो ठरावीक फुलांवर पुन्हा पुन्हा येतो आणि बरेचदा रोज साधारण त्याच वेळेला. एक फूल निवडा, त्यावर फोकस आधीच बांधून ठेवा आणि शांत उभे राहा. कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा जलद हवं. याचे पंख सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा हलतात, त्यापेक्षा मंद शटरला धूरच मिळणार. फोन असेल तर फोटोचा नाद सोडा आणि स्लो मोशन व्हिडिओ काढा. सेकंदाला २४० चौकटी टिपल्या तर पंखांच्या प्रत्येक फेरीतून तीन-एक चौकटी मिळतात. दहा सेकंदांच्या व्हिडिओत मागचे पंख उघडे दिसणारी एखादी चौकट सापडतेच, तेवढी वेगळी काढून पाठवा. ऊन तुमच्या पाठीमागे असू द्या. एक चौकट बाजूने, पोटाच्या कडा दिसतील अशी, आणि एक वरून किंवा मागून. समोरून काढलेला फोटो देखणा येतो पण ओळखीला निरुपयोगी.

व्हिडिओ नीट बघाल तर आणखी एक गोष्ट दिसेल. पतंग फुलापासून सोंडेच्या लांबीएवढा दूर राहतो आणि फूल वाऱ्याने हललं की तोही तेवढाच सरकतो, अंतर मोडू देत नाही. पोटामागचा झुबका अशा वेळी रुंद पसरतो. तुम्हाला दिसलेली ‘पंख्यासारखी शेपटी’ म्हणजे हाच झुबका, ते लांबट खवले आहेत, पिसं नाहीत. सोंडेचं टोक पाकळीवर आधी इकडेतिकडे टेकतं आणि मग नळीत शिरतं. ही चाचपणी आंधळी नसते. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ नोल यांनी १९२० च्या दशकात पिवळ्या लिनारियाची फुलं काचेच्या दोन तावदानांमध्ये दाबून याच पतंगासमोर ठेवली होती. काचेमुळे वास नाही, स्पर्श नाही, तरीही काचेवर सोंडेचे ठसे उमटले ते नेमके फुलावरच्या केशरी डागाच्या जागी. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे, २०२४ मध्ये, दाखवलं की सोंड पुढे करत असताना हा पतंग डोळ्यांनी बघून तिची दिशा सुधारत राहतो. माणूस नजरेच्या मदतीने हात पुढे करतो, त्या जातीचं हे काम आहे, आणि मेंदू जेमतेम कणभर.

इथेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं: पतंग दिवसा कसा? ‘फुलपाखरू दिवसाचं आणि पतंग रात्रीचा’ हा शाळेतला नियम ढोबळ आहे. पतंगांची अनेक कुळं दिवसा वावरतात. हमिंगबर्ड हॉक मॉथ रंगांवर चालतो. त्याच्या डोळ्यांत अतिनील, निळा आणि हिरवा अशा तीन प्रकारचे रंगग्राहक आहेत. कोषातून नुकताच निघालेला, एकही फूल न पाहिलेला पतंग निळ्याकडे आधी झेपावतो, पण दुसऱ्या रंगात मध मिळाला की तो रंग शिकतो. कधी तो निळ्या कपड्यासमोर किंवा रंगवलेल्या भिंतीसमोर घोटाळताना दिसतो, त्याचं कारण हेच. रात्रीचे हॉक मॉथही पूर्ण रंगांध नसतात. त्यांच्यातल्या एकाला, डायलेफिला एल्पेनॉरला, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही रंग कळतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्याच उजेडात आपल्याला सगळं करडं दिसतं.

दिवसा उन्हाच्या उबेत उडणं स्वस्तातही पडतं. हवेत तरंगायला छातीचे स्नायू चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास तापलेले लागतात. थंड पतंग उडू शकत नाही, आधी तो पंख थरथरवत बसतो आणि अंग तापल्यावरच सुटतो. भिंतीवर थरथरणारा पतंग दिसला तर तो आजारी नाही, निघायच्या तयारीत आहे, त्याला हात लावू नका. तुम्ही सूर्य मावळल्यावरही त्याच ताटव्यावर थांबलात तर कदाचित पाळी बदललेली दिसेल. आशिया, आफ्रिका आणि युरोपात मोठा राखाडी, पोटावर गुलाबी-काळे पट्टे असलेला ॲग्रियस कन्व्हॉल्व्ह्युली तिन्हीसांजेला येतो. त्याची सोंड अंगापेक्षा लांब. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात ती अशाच पाहुण्यांसाठी. गुलाबी आणि लाल ती नंतर होतात.

तिसरा प्रश्न, चावतो का? नाही. चावायला जबडे नाहीत आणि टोचायला नांगी नाही. सोंड मऊ नळी आहे, ती माणसाच्या कातडीत शिरत नाही. विषारी असल्याच्या गोष्टी कानावर येतात, त्यांत तथ्य नाही. घरात शिरला तर दिवे बंद करून खिडकी उघडा. हाताने पकडलात तर पंखांवरचे खवले जातात, आणि ते परत येत नाहीत.

चौथा प्रश्न अळ्यांचा, आणि खरं तर ओळखीचा सगळ्यात भरवशाचा धागा तिथेच आहे. पतंग कुठल्याही फुलावर मध पितो, पण अळी मोजक्याच झाडांवर वाढते. मॅक्रोग्लॉसमच्या बहुतेक जाती आणि सेफोनोडीस यांच्या अळ्या कॉफीच्या कुळातली, म्हणजे रुबिएसी कुळातली झाडं खातात. स्टेलाटारम गॅलियम या रानवनस्पतीवर आणि मंजिष्ठाच्या जातीवर, सेफोनोडीस अनंतावर आणि कॉफीवर, मॅक्रोग्लॉसमच्या काही जाती बारतोंडीवर आणि प्रसारणीच्या वेलीवर. हेमारिसच्या अळ्या मात्र दुसरीकडे, हनीसकल, व्हायबर्नम अशा झुडपांवर. तेव्हा बागेत अनंत असेल तर आज पानं उलटून बघा. दक्षिण आशियातल्या हॉक मॉथच्या अळ्या आणि त्यांची झाडं यांची पक्की माहिती आपल्याला मुख्यतः टी. आर. बेल या वनाधिकाऱ्यामुळे मिळाली. कारवारच्या जंगलांत त्याने अळ्या पाळून पतंग निघेपर्यंत वाट बघितली, आणि १९३७ मध्ये स्कॉट या सहलेखकाबरोबर ते सगळं छापलं. आजही शंका आली की अभ्यासक तिकडेच वळतात.

अळी शोधायला आधी पानाकडे नाही, जमिनीकडे बघा. झाडाखाली गडद, जाड, पिंपाच्या आकाराच्या लेंड्या पडलेल्या असतील आणि त्यांवर उभ्या खाचा असतील, तर वर हॉक मॉथची अळी आहे. लेंड्या जिथे ताज्या, ओलसर, त्याच्या बरोबर वरची फांदी तपासा. अळी हिरवी, गुळगुळीत, पानाच्या मधल्या शिरेला चिकटून बसलेली, आणि शेपटीच्या टोकाला एक शिंग. शिंग बघून लोक घाबरतात, पण ते टोचत नाही. एकाच जातीत हिरवी आणि तपकिरी-काळपट अशा दोन्ही रंगांच्या अळ्या निघू शकतात, तेव्हा रंग वेगळा म्हणून जात वेगळी समजू नका. स्टेलाटारमची अंडी एक मिलिमीटरची, फिकट हिरवी, गोल, एकेकटी घातलेली असतात. गॅलियमच्या कळीशेजारी ती कळीसारखीच दिसतात.

नुकसान किती? मॅक्रोग्लॉसममुळे मोठ्या झाडाला धक्का बसल्याचं मी पाहिलेलं नाही. अंडी सुटी असल्याने अळ्याही विखुरलेल्या असतात. कुंडीतल्या छोट्या अनंतावर सेफोनोडीसच्या चार-पाच अळ्या एकदम आल्या तर मात्र आठवड्यात काड्या उरतात, हे खरं. तरी औषध फवारू नका. अळ्या एवढ्या मोठ्या असतात की हाताने उचलता येतात, त्या त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडा. निरोगी अनंताला परत पालवी फुटते. मधासाठी म्हणून घाणेरी मुद्दाम लावा असा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर ऐकू नका, भारतात आणि ऑस्ट्रेलियात त्या झुडपाने जंगलं गिळली आहेत. पेंटास, व्हर्बिना, सदाफुली, मधुमालती पुरेशी.

जात नक्की करायचीच असेल तर अळी पाळा. जाळीचं झाकण असलेल्या मोठ्या बरणीत ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं रोज ताजी घाला, दुसरी चालणार नाहीत. लेंड्या रोज काढा, नाहीतर बुरशी येते. बरणीत पाण्याचा उघडा पेला ठेवू नका, अळ्या त्यात पडतात. पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते, बहुतेकदा रंगाने मळकट होते आणि तळाशी सैरभैर फिरू लागते. तेव्हा तळाला कोरडी माती आणि वाळका पाला घाला. ती पाल्यात विरळ जाळी विणून तपकिरी कोष करते. कोष हलवू नका, दोन-तीन दिवसांनी एकदा हलकंसं पाणी शिंपडा आणि आत एक खरबरीत काडी तिरपी उभी ठेवा. बाहेर आलेल्या पतंगाला पंख पसरून वाळवायला लोंबकळण्याची जागा लागते, ती नसेल तर पंख कायमचे चुरगळतात. पंख वाळले की, थरथर सुरू होण्याआधी, वरून, बाजूने आणि शक्य झालं तर पंख उघडलेला असताना असे फोटो घ्या, सोबत अळीचा आणि तिच्या झाडाचा फोटो जोडा, आणि संध्याकाळी त्याला सोडून द्या.